टोबरमोरीच्या चार अंश पाण्यात ड्रायसूटमध्ये ऊब कशी टिकवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डायव्हिंग शिकलात अंदमानात आणि तारकर्लीला, आता नोकरीनिमित्त टोरांटोत आहात. जुना ट्रायलॅमिनेट ड्रायसूट विकत घेतलात, त्याचा कोर्सही केलात. ऑगस्टमध्ये ओंटारिओतल्या टोबरमोरीला ‘नायगरा २’ या बुडवलेल्या जहाजावर उतरलात, तर पंधरा मिनिटांत बोटं बधिर झाली, त्यानंतर अंगात हुडहुडी भरली आणि वर आलात तेव्हा आतले कपडे दमट होते. बडीला, म्हणजे डायव्हमधल्या जोडीदाराला, मात्र काहीच झालं नाही. आता बॅटरीवर गरम होणारं जॅकेट घ्यावं की सूटमध्ये आर्गॉन भरावा, असं तुम्ही विचारता आहात.

निदान आत्ता तरी दोन्ही घेऊ नका. आतले कपडे दमट होते, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण तुमच्या प्रश्नाचं निम्मंअधिक उत्तर तिथेच आहे. ट्रायलॅमिनेट सूट म्हणजे पाणी आत येऊ न देणारा पातळ पडदा, त्याला स्वतःची ऊब जवळपास शून्य. ऊब देते ती सूटच्या आत घालायच्या अंडरसूटच्या तंतूंमध्ये अडकलेली कोरडी, स्थिर हवा. ही हवा कोरडी राहिली आणि तिला जागा मिळाली, तर चार अंशांत चाळीस मिनिटं आरामात जातात. ती दमट झाली किंवा दबली, तर कितीही महागडा सूट असो, थंडी वाजणारच. पिंजलेल्या कापसाची नवी दुलई आणि तीच वर्षानुवर्षं अंगाखाली दबून चपटी झालेली, यांत जो फरक तोच इथे.

आधी पाण्याबद्दल. गोडं पाणी चार अंशांना सगळ्यात जड असतं, म्हणून ते तळाशी बसतं. टोबरमोरीजवळच्या जॉर्जियन बेमध्ये, म्हणजे ह्युरॉन सरोवराच्या उपसागरात, ऑगस्टात वरचा थर अठरा-वीस अंशांचा असतो, पण थर्मोक्लाइन, म्हणजे तापमान एकदम उतरतं तो थर, ओलांडून खाली गेलं की पाणी चार-पाच अंशांवर येतं आणि तिथेच राहतं. तळाला उन्हाळा पोचतच नाही. तारकर्लीत आपण सत्तावीस-अठ्ठावीस अंशांत पोहतो. इथे बोटीवर तीस अंशांचं ऊन आणि काही मिनिटांत पायाखाली चार अंश. टोबरमोरीची खरी अडचण या उडीत आहे. जानेवारीत बर्फ फोडून उतरणारे लोक कित्येकदा ऑगस्टवाल्यांपेक्षा जास्त उबदार असतात, कारण ते काठावर घामाघूम झालेले नसतात.

तुम्ही बोटीवर काय केलं असेल याचा अंदाज बांधतो. जाड अंडरसूट चढवला, सूटची चेन लावली, मग उन्हात उभं राहून टाकी जोडली, वजनं लावली, ब्रीफिंग ऐकलं, रांगेत थांबलात. या अर्ध्या तासात अंगातून निघालेल्या घामाला सूटबाहेर वाटच नाही. तो अंगालगतच्या कपड्यात, म्हणजे बेस लेयरमध्ये, मुरतो, त्याची वाफ अंडरसूटमध्ये शिरते आणि थंड पाण्यात गेल्यावर सूटच्या आतल्या बाजूला थेंब होऊन जमते. पाणी स्थिर हवेच्या सुमारे पंचवीस पट उष्णता वाहून नेतं. म्हणजे घामानं भिजलेला अंडरसूट घालून तुम्ही अंगातली उष्णता बाहेर जायला स्वतःहून रस्ता बांधता.

यावर खर्च काहीच नाही, फक्त क्रम बदलायचा. टाकी, श्वास घ्यायचा रेग्युलेटर, वजनं, कॅमेरा, सगळं आधी टीशर्टवर असतानाच तयार ठेवा. ब्रीफिंगही तसंच ऐका. मग सावलीत बसून अंडरसूट घाला, सूट कमरेपर्यंत चढवा आणि कॅप्टननं ‘दहा मिनिटं’ म्हटलं की बाकीचा. सूट बंद झाल्यावर बाहेरून बादलीभर तळ्याचं पाणी ओतून घ्या. बडीनं हसायचं तर हसू दे. टोबरमोरीच्या जुन्या लोकांना तुम्ही हे करताना रोज पाहाल. दुसऱ्या डायव्हसाठी कोरड्या बेस लेयरचा जोड बरोबर ठेवा आणि दोन डायव्हच्या मध्ये तो बदलाच. या एका गोष्टीनं जितका फरक पडतो, तितका कित्येक हजारांच्या खरेदीनं पडत नाही.

अर्थात दमटपणा घामाचाच आहे की सूट गळतो, हे ठरवायला हवं, कारण तुमचा सूट जुना आहे. ओल कुठे आहे ते बघा. छाती-पाठीवर सगळीकडे सारखी आणि बेताची असेल तर घाम. एकाच हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंत ओली पट्टी असेल तर मनगटाचा सील, म्हणजे पाणी अडवणारी घट्ट कड. मूठ आवळली की मनगटावरच्या कंडरा उभ्या राहतात आणि दोन कंडरांमधल्या खळगीतून पाणी आत येतं. गळ्याखाली ओलं असेल तर गळ्याच्या सीलखाली केस किंवा अंडरसूटची कॉलर अडकलेली असते. डावा दंड ओला म्हणजे बहुधा हवा सोडायच्या व्हॉल्व्हमध्ये धागा किंवा लव शिरली आहे. व्हॉल्व्ह स्वच्छ गोड्या पाण्यानं धुवून घ्या. मांडीच्या सांध्यात किंवा चेनच्या रेषेत ओल असेल तर चेन किंवा शिवण. घरी तपासायचं तर मनगटांत बाटल्या आणि गळ्यात योग्य मापाची कुंडी किंवा चेंडू बसवून सूट फुगवा आणि साबणाचं पाणी फिरवा. बुडबुडे स्वतःच जागा दाखवतात. लेटेक्सचे सील चिकट झाले असतील किंवा त्यांवर बारीक भेगा दिसत असतील, तर यंदाच बदला. चार अंशांत मोठी गळती म्हणजे नुसती गैरसोय नव्हे, ऊब आणि उत्प्लावकता (तरंगण्याची ताकद) दोन्ही एकदम जातात.

आता दबलेल्या हवेकडे येऊ. तीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो. सूटमधली हवा तेवढीच ठेवलीत तर ती एक चतुर्थांश होते, सूट अंगाला चिकटतो आणि अंडरसूट चपटा होतो. हात वर उचलताना आखडल्यासारखे वाटतात, मांड्यांवर वळ उमटतात. नवे लोक सूटमध्ये हवा भरायला घाबरतात, कारण कोर्समध्ये पाय वर होऊन उलटं उडून जाण्याची भीती मनात बसलेली असते. म्हणून ते सूट घट्ट ठेवतात, सगळी उत्प्लावकता बीसीडीतून, म्हणजे हवा भरायच्या जाकिटातून, सांभाळतात आणि कुडकुडतात. ती भीती निराधार नाही, पण तिच्यावर इलाज सराव आहे. आडवं राहून, गुडघे किंचित वाकवून, थोडी हवा पायांकडे आणि परत खांद्याकडे नेण्याचा सराव पाच-सहा मीटरवर भरपूर करा. मग तीस मीटरवर अंडरसूट फुललेला राहील इतकी हवा निश्चिंतपणे ठेवता येते.

त्यासाठी वजन पुरेसं हवं. माझा अनुभव असा की थंडी वाजणाऱ्या बऱ्याच लोकांचा शिशाचा हिशेब तुटपुंजा असतो. वजन तपासायचं ते डायव्हच्या शेवटी, टाकीत ४०-५० बार दाब उरलेला असताना, तीन-चार मीटरवर, सूटमध्ये ऊब देण्याइतकी हवा ठेवून. भरलेल्या टाकीतली हवाच अडीच-तीन किलोची असते आणि ती तुम्ही श्वासावाटे संपवता. शेवटी हलके झालात की वर जायची भीती वाटते, मग सूटमधली हवा सोडता आणि नेमकं वर येताना थांबायच्या, म्हणजे स्टॉपच्या, वेळी गारठता. एक-दोन किलो जास्त घेण्यात कमीपणा नाही. खूप जास्त मात्र नको.

सूटच्या मापाचाही यात वाटा आहे. जुना सूट दुसऱ्याच्या अंगासाठी शिवलेला असतो. जाड अंडरसूट घालून पूर्ण बैठक मारा, दोन्ही हात मानेमागे टाकीच्या व्हॉल्व्हपर्यंत न्या, छातीवर हातांची घडी घाला. पाठीवर किंवा खांद्यावर ताण आला तर तिथे अंडरसूट दबतोय आणि पाण्यात तिथूनच थंडी शिरेल. बुटांचंही तसंच. आतमध्ये दोन जाड मोजे कोंबून बसवले तर पाय अधिक गार पडतात. एक पातळ, घाम शोषून दूर नेणारा मोजा, त्यावर एक जाड लोकरीचा, आणि तरीही बोटं हलवता येतील एवढी जागा.

अंडरसूटबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. सूटबरोबर आलेला पातळ फ्लीसचा असेल तर तो दहा-बारा अंशांसाठी ठीक, चारसाठी नाही. अंगालगत मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टर, सुती काहीही नको, अंतर्वस्त्रंसुद्धा नकोत. सुती कापड घाम धरून बसतं आणि अंगावर गार पट्टीसारखं चिकटतं. त्यावर थिन्सुलेटसारख्या तंतूंचा, सुमारे ४०० ग्रॅम प्रति चौरस मीटरचा अंडरसूट. थिन्सुलेट निवडायचं कारण असं की त्याचे बारीक तंतू पाणी धरत नाहीत आणि दाबाखाली पूर्ण झोपत नाहीत, त्यामुळे सूट गळला तरी बरीचशी ऊब उरते. पिसांचं जॅकेट बर्फात उत्तम, सूटच्या आत निरुपयोगी, कारण दाबाखाली ते चपटं होतं आणि ओलं झालं की गोळा होऊन बसतं. एकावर एक कपडे वाढवत गेलात तर एका मर्यादेनंतर सूट घट्ट होतो आणि ऊब कमी होऊ लागते, हेही ध्यानात असू द्या.

आता हात. याविषयी मी सगळ्यात आग्रही आहे, कारण धड गारठणं ही बराच वेळ गैरसोय असते, पण हात गारठणं हा लवकर येणारा धोका असतो. शरीर धडाचं तापमान वाचवायला हातांचा रक्तपुरवठा आखडतं. म्हणून पंधराव्या मिनिटाला बोटं बधिर होणं हा निव्वळ हातमोज्यांचा दोष नसतो, धड गारठत असल्याची ती पहिली खूणही असते. धड उबदार झालं की हात आपोआप सुधारतात. त्यानंतर हातमोजे. चार अंशांसाठी कड्यांनी सूटला जोडले जाणारे कोरडे हातमोजे घ्या आणि आत पातळ लोकरीचे मोजे. मनगटाच्या सीलखालून एक बारीक नळी किंवा जाड दोरा सोडला की सूटमधली हवा मोज्यात येते, नाहीतर खोलीवर मोजा आवळतो आणि आतली लोकर दबून बोटं गारठतात. या नळीचा तोटा असा की मोजा फाटला तर पाणी त्याच वाटेनं सूटमध्ये येतं. भंगाराच्या धारदार पत्र्यांजवळ हात घालण्याची सवय असेल तर ती मोडा. उगाच हात हलवत राहू नका, धातूच्या कठड्याला धरून लोंबकळू नका.

खाली असताना दर पाच मिनिटांनी दोन्ही हातांचा अंगठा करंगळीला टेकवून बघा. टेकला नाही किंवा टेकल्याचं कळलं नाही, की तिथून परत फिरायचं, गेजमध्ये कितीही हवा असो. हिशेब साधा आहे. तीस मीटरवरून मिनिटाला नऊ मीटरच्या वेगानं वर यायला साडेतीन मिनिटं, पाच मीटरवर तीन मिनिटांचा स्टॉप, शिडीपर्यंत पोचायला आणखी दोन-चार. म्हणजे ‘आता हात गेले’ असं वाटतं त्या क्षणानंतरची दहा मिनिटं तुम्हाला हवा भरायचा इन्फ्लेटर दाबायचा असतो, दंडावरचा व्हॉल्व्ह फिरवायचा असतो, गरज पडली तर बडीला रेग्युलेटर द्यायचा असतो. ही कामं बधिर बोटांनी होत नाहीत.

डोकं आणि मान थोडक्यात सांगतो. निम्मी उष्णता डोक्यातून जाते हा समज चुकीचा आहे. डोक्यातून साधारण त्याच्या आकाराच्या प्रमाणातच उष्णता जाते. पण सात मिलिमीटरचा, मानेला नीट बसणारा हूड तरी हवाच, कारण कपाळावर आणि कानात गार पाणी शिरलं की डोकं ठणकतं आणि चक्कर येऊ शकते. उतरण्याआधी हूडमध्ये थोडं कोमट पाणी ओतलं तर पहिला झटका सौम्य होतो.

आता तुम्ही विचारलेल्या दोन वस्तू. आर्गॉनची उष्णतावाहकता हवेच्या साधारण दोन तृतीयांश आहे, त्यामुळे कागदावर तो आकर्षक दिसतो. प्रत्यक्षात सूटमध्ये आधीची हवा उरते आणि उष्णता तंतूंमधून, शिवणींतून, जिथे कपडा दबलाय तिथून जात राहते. नॉर्वेच्या संशोधकांनी २००१ मध्ये आणि डच नौदलाच्या डायव्हर्सवर २०१३ मध्ये आर्गॉन आणि हवा यांची तुलना केली. दोन्ही वेळा लक्षात यावा असा फायदा दिसला नाही. वर एक जास्तीची बाटली सांभाळायची आणि तिला चुकूनही श्वासाचा रेग्युलेटर लागणार नाही याची काळजी घ्यायची, कारण आर्गॉनमध्ये ऑक्सिजन नसतो. सूटसाठी वेगळी बाटली खरी लागते ती हेलियम मिसळलेला वायू श्वासाला घेणाऱ्यांना. हेलियम हवेच्या सुमारे सहा पट उष्णता वाहून नेतो, तो सूटमध्ये भरला तर अंग काही मिनिटांत गोठतं. त्यांनाही त्या बाटलीत साधी हवा पुरते.

गरम होणाऱ्या जॅकेटचं प्रकरण जास्त गंभीर आहे. अमेरिकी नौदलाच्या फ्लोरिडातल्या प्रायोगिक डायव्हिंग केंद्रानं २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. डायव्हर्सना तळाशी आणि वर येताना, दोन टप्प्यांत वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्यात ठेवलं होतं. तळाशी उबदार आणि वर येताना थंड असणाऱ्यांना डीकंप्रेशनचा त्रास, म्हणजे वर येताना अंगात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होण्याचा त्रास, लक्षणीयरीत्या जास्त झाला. उलट क्रमात, तळाशी थंड आणि वर येताना उबदार असताना, तळावरचा वेळ दुपटीहून जास्त करूनही त्रास कमी होता. त्यातलं पाणी आपल्या तळ्यापेक्षा कितीतरी गरम होतं, त्यामुळे आकडे जसेच्या तसे इथे लावू नका, पण कारण इथेही तेच आहे. उबदार स्नायूंत रक्त जास्त फिरतं, नायट्रोजन जास्त विरघळतो. नंतर थंडीनं रक्तप्रवाह आखडला की तो बाहेर पडायला वाट राहत नाही. जॅकेटची बॅटरी साधारणपणे दगा देते ती शेवटी. म्हणजे तुम्ही नेमका वाईट क्रम विकत घेता. पुढे खोल आणि लांब डायव्ह करू लागलात आणि जॅकेट घेतलंत, तर दोन गोष्टी पाळा: तळाशी ते अगदी मंद ठेवा किंवा बंद ठेवा, आणि अंडरसूट इतका पुरेसा हवा की जॅकेट पूर्ण बंद पडलं तरी सगळे स्टॉप करून वर येता येईल. ऑगस्टात टोबरमोरी तुम्हाला फुकटची सोय देते: पाच मीटरवरचं पाणी कोमट असतं, स्टॉप तिथेच होतो. तीन मिनिटांऐवजी सहा मिनिटं थांबा. मे महिन्यात ही सोय नसते, तेव्हा तळावरचा वेळच कमी करा.

रेग्युलेटरचंही सांगायला हवं, कारण गारठलेला डायव्हर हवा भरायचं बटण जास्त वेळ दाबतो. दाबाखालची हवा पसरते तेव्हा ती आणखी थंड होते आणि चार अंशांच्या गोड्या पाण्यात फर्स्ट स्टेजवर, म्हणजे रेग्युलेटरच्या टाकीला जोडलेल्या भागावर, बर्फ धरायला तेवढं पुरतं. मग फ्री-फ्लो, म्हणजे हवा न थांबता वाहत राहते. युरोपीय मानकानुसार दहा अंशांखालचं पाणी ‘थंड पाणी’ धरलं जातं आणि त्यासाठी वेगळी चाचणी असते. तुमच्या रेग्युलेटरवर ती नोंद आहे का, ते पाहा. सूट आणि बीसीडी एकाच वेळी भरू नका, टिचक्या मारल्यासारखं थोडंथोडं भरा. हिवाळ्यात पाण्याबाहेर रेग्युलेटरमधून श्वास घेऊन तपासण्याची सवय सोडा, पहिला श्वास पाण्याखालीच घ्या.

बडी मजेत होता याचं फारसं वाईट वाटून घेऊ नका. अंगकाठी, चरबी, आदल्या रात्रीची झोप, सकाळचं खाणं, सगळ्यांचा परिणाम होतो. सडपातळ माणूस लवकर गारठतो, त्यात कमी-जास्त दमाचा प्रश्न नाही. आपल्या लोकांची एक सवय मात्र मला इथे वारंवार दिसते: बोटीवर मळमळेल म्हणून काही न खाता येणं आणि लघवी लागेल म्हणून पाणी न पिणं. थंड पाण्यात शरीर आधीच जास्त लघवी तयार करतं, त्यात पाणी कमी प्यायलं की रक्त घट्ट होतं आणि डीकंप्रेशनचा धोका वाढतो. निघण्याआधी दोन तास पोहे, उपमा, अंडी, जे पोटाला मानवेल ते खा आणि पाणी प्या. नियमित डायव्ह करणार असाल तर सूटला पी-व्हॉल्व्ह, म्हणजे सूट न काढता लघवी करायची सोय, बसवून घ्या.

वर आल्यावर लगेच टाक्या उचलू नका आणि थेट कडक गरम पाण्याच्या शॉवरखाली जाऊ नका. बाहेर आल्यावरही काही वेळ धडाचं तापमान उतरतच राहतं. एकदम गरम पाणी घेतलं तर त्वचेकडे रक्त धावतं, भोवळ येऊ शकते आणि त्वचेजवळ बुडबुडे सुटण्याचा धोका असतो. ओला सूट वाऱ्यात अंगावर ठेवून बसू नका, बाष्पीभवनानं तो सूट तुम्हालाच गार करतो. काढा, कोरडं घाला, टोपी घाला, गोड गरम चहा घ्या, अर्धा तास बसा. तेवढ्यात थरथर थांबली नाही तर त्या दिवशीचा दुसरा डायव्ह नको.

पैसे खर्च करायचेच असतील तर क्रम असा ठेवा: आधी मनगटाचे आणि गळ्याचे सील, मग अंडरसूट, मग कोरडे हातमोजे. जॅकेटचा विचार पुढच्या वर्षी. ‘अरेबिया’चा मोह सगळ्यांना होतो, १८८४ मध्ये बुडालेलं तीन डोलकाठ्यांचं ते जहाज खरोखर बघण्यासारखं आहे. पण ते सुमारे तेहेतीस मीटरवर आहे आणि तिथे चार अंशच असतात. त्याआधी किनाऱ्यावरून उतरता येणाऱ्या उथळ जागी पूर्ण साहित्यानिशी दोन दिवस घालवा. टोबरमोरीच्या फॅदम फाइव्ह या राष्ट्रीय सागरी उद्यानात डायव्ह करण्याआधी पार्क्स कॅनडाकडे नोंदणी करावी लागते, तेव्हा पाण्याच्या स्थितीचीही चौकशी करा. मग थर्मोक्लाइनच्या जेमतेम खाली, दहा मिनिटांसाठी जा आणि अंगठा-करंगळीची चाचणी करून बघा. वर आल्यावर बेस लेयर कुठे ओला झालाय ते लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी मला कळवा. त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल.